भाडं कोण ठरवतं?

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलं की पहिल्या दीड किलोमीटरचे 31 रुपये. पुढे दर किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत त्यावर पंचवीस टक्के जादा. फेब्रुवारी 2025 मध्ये हे दर लागू झाले. कफ परेडच्या श्रीमंताला हाच दर आणि टाटा रुग्णालयात उपचारासाठी बीडहून आलेल्या शेतकऱ्यालाही हाच. पाऊस कोसळत असो, लोकल बंद पडलेली असो, विसर्जनाची मिरवणूक चालू असो, मीटरचा आकडा त्याच हिशोबाने पुढे सरकतो. हातात फोन नसला तरी अडत नाही.

त्याच रस्त्यावर उभं राहून गाडी बोलावायचं ॲप उघडलं तर त्याच अंतराला सकाळी एक आकडा दिसतो आणि संध्याकाळी दुसरा. तो कसा आला हे प्रवाशाला कळत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही कळत नाही.

ॲपची गाडी बरी की टॅक्सी बरी, हा वाद घरोघरी चालतो आणि बहुतेक वेळा एसी, सीटची स्वच्छता आणि चालकाच्या बोलण्यावर येऊन थांबतो. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पण वादाच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. भाडं कोण ठरवतं, आणि ते ठरताना कोणाला बोलायची संधी मिळते? गेल्या दहा-बारा वर्षांतले फायदे-तोटे, संप, कोर्टकज्जे आणि नवे कायदे या एका प्रश्नावर टांगून पाहिले की बरंच काही उलगडतं.

आधी टॅक्सीकडे पाहू. 31 रुपयांचा दर मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरण ठरवतं आणि त्यामागे लेखी सूत्र आहे. 2012 मध्ये निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्यीय समितीने भाडेवाढीचं गणित मांडलं. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, महागाई, चालकाच्या घरखर्चात झालेली वाढ हे सगळं त्यात धरलेलं होतं. पुढे बी. सी. खटुआ यांच्या समितीने त्याचा नव्याने विचार केला. टॅक्सी युनियन आपली मागणी मांडते, ग्राहक संघटना हरकत घेतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात, मग दर जाहीर होतो. मीटर नव्या दराला जुळवून होईपर्यंत चालकाला छापील दरपत्रक जवळ ठेवावं लागतं. जुन्या यांत्रिक मीटरच्या काळात तर मीटरवरचा आकडा आणि हे कार्ड जुळवूनच पैसे द्यायचे असत. प्रवासी कार्ड मागून घ्यायचा आणि बोट फिरवून भाडं स्वतः वाचायचा. दोघांपुढे एकच कागद असे.

या पद्धतीचा दोषही तितकाच मोठा. ती फार हळू चालते. जून 2015 मध्ये मुंबईच्या टॅक्सीचं किमान भाडं 22 रुपये झालं आणि ते मार्च 2021 पर्यंत 22 रुपयेच राहिलं. पावणेसहा वर्षं. त्या काळात सीएनजी वाढला, गाड्यांच्या किमती वाढल्या, मुलांच्या शाळेची फी वाढली. नेमक्या याच वर्षांत ॲपच्या गाड्या मुंबईभर पसरल्या, हे लक्षात ठेवायला हवं. टॅक्सी मागे पडली ती निव्वळ तंत्रज्ञानामुळे, असं म्हणणं अर्धवट आहे. सरकारने तिचे हात बांधून ठेवले होते आणि समोरच्याला मोकळं सोडलं होतं.

तरीही प्रवाशाने टॅक्सीकडे पाठ फिरवली, त्याला कारण होतं. ते कारण म्हणजे भाडं नाकारणं. दादरला, मुंबई सेंट्रलला, विमानतळाबाहेर गाडीच्या खिडकीत वाकून ‘अमुक ठिकाणी येणार का?’ असं विचारायचं, नकार ऐकायचा आणि पुढच्या गाडीकडे जायचं. हातात सामान, कडेवर मूल, सोबत म्हातारी आई, तरी तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 नुसार विनाकारण भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतरही टॅक्सीचालकाला त्यासाठी जास्तीत जास्त दंड 500 रुपयांचाच. तक्रार करायची तर गाडीचा नंबर टिपा, आरटीओला कळवा आणि वाट पाहा. ताटकळलेला माणूस हे करत नाही.

चालक का नाकारतो, हेही समजून घ्यायला हवं. त्यात उर्मटपणा असतो, पण हिशोबही असतो. संध्याकाळी सहाला फोर्टमधून मानखुर्दचं भाडं घेतलं तर जाताना दीड तास वाहतुकीत जातो आणि येताना गाडी रिकामी. मीटर अंतरावर चालतो, थांबलेल्या वेळेचे पैसे त्यामानाने फार थोडे मिळतात. दुसऱ्या टोकाला, तासभर स्टँडवर नंबर लावल्यावर किमान भाड्याचं गिऱ्हाईक आलं की त्याचा दिवसाचा हिशोब बिघडतो. गाडी त्याची स्वतःची नसेल, शिफ्टवर घेतलेली असेल, तर मालकाचे पैसे आधी सुटायला हवेत. हा त्रास खरा आहे. पण त्याचं ओझं फुटपाथवर उभ्या प्रवाशाच्या डोक्यावर टाकायचा हक्क त्यामुळे कोणाला मिळत नाही.

त्यात भर पडली परमिटांच्या टंचाईची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारने मुंबईत टॅक्सीची नवी परमिटं देणं थांबवलं आणि पुढे वीसेक वर्षं ही बंदी कमी-अधिक तशीच राहिली. शहर मात्र उत्तरेला आणि पूर्वेला वाढत गेलं. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला मनाई, त्यामुळे बेटावरच्या शहरात टॅक्सीला स्पर्धाच नव्हती. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या आसपास थांबलं, पण गाड्या रस्त्यावर होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली. तिच्याबद्दल मुंबईकरांना जिव्हाळा आहे, मलाही आहे. पण मे महिन्याच्या दुपारी त्या गाडीत बसलेल्या माणसाला एसी गाडी हवीशी वाटली, तर त्यात नवल नाही. 2007 मध्ये मेरू कॅब्जने फोनवर बोलावता येणारी, एसी आणि बिल देणारी टॅक्सी मुंबईत आणली तेव्हाच ही भूक दिसली होती.

ओला 2010 च्या डिसेंबरात मुंबईतच जन्मली. भाविश अग्रवाल आणि अंकित भाटी हे तिचे संस्थापक, दोघेही पवईच्या आयआयटीचे. उबर 2013 मध्ये बंगळूरमार्गे भारतात शिरली आणि पुढच्या वर्षी मुंबईत आली. दोघींनी जे केलं त्याचा गाभा साधा होता. रिकामी गाडी कुठे आहे आणि प्रवासी कुठे उभा आहे, या दोन गोष्टी एका नकाशावर आणल्या. टॅक्सीवाला गिऱ्हाइकाच्या शोधात रस्ते फिरतो आणि त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे कोणीतरी टॅक्सी शोधत असतं. ही चुकामूक म्हणजे जळालेलं इंधन आणि वाया गेलेला वेळ. ॲपने ती बरीच कमी केली.

किती कमी केली, याचं एक चांगलं मोजमाप अमेरिकेत झालं. जड क्रेमर आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये पाच शहरांतल्या उबर आणि टॅक्सींची तुलना केली. बहुतेक शहरांत उबरची गाडी कामाच्या वेळेतला बराच जास्त हिस्सा प्रवासी घेऊन धावत होती. अपवाद न्यूयॉर्कचा. तिथे दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, कारण दाट वस्तीत हात दाखवला की टॅक्सी मिळते, तिथे ॲपला फारसं काही वाचवता येत नाही.

हा निष्कर्ष मुंबईला चपखल लागू पडतो. चर्चगेट, काळबादेवी, लालबाग इथे रस्त्यावर टॅक्सी दिसते, ॲप उघडून गाडीची वाट पाहण्यात उलट वेळ जातो. पण रात्री साडेदहाला ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, खारघरच्या सेक्टरमध्ये, विरारच्या नव्या इमारतींच्या मागे काळी-पिवळी कधी फिरकलीच नव्हती. ॲपने खरी सेवा दिली ती या भागांना. पुण्यात तर मुंबईसारखी टॅक्सी कधी रुजलीच नाही, रिक्षा हाच एक पर्याय होता. हिंजवडीतून उशिरा सुटणाऱ्या मुलीला दारातून दारापर्यंत गाडी मिळू लागली, निघायच्या आधी भाडं कळू लागलं, गाडी कुठे पोचली हे घरच्यांना फोनवर दिसू लागलं. जाणं-येणं बायकांसाठी इतकं सोपं झालं, ही या सेवेची मोठी कमाई आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. शिवाय रस्ता माहीत नसलेल्याला लांबून फिरवून आणण्याचा धंदा नकाशामुळे बराच बसला.

सुरक्षेबद्दल मात्र भाबडेपणा नको. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने तरुणीवर बलात्कार केला. त्या चालकावर आधीही गुन्हे नोंदलेले होते, तरी तो ॲपवर चालक म्हणून घेतला गेला होता. उपग्रहाने गाडीचा ठावठिकाणा कळतो, चालकाचा पूर्वेतिहास कळत नाही. त्यासाठी पोलिसांची पडताळणी लागते, माणसं लागतात, खर्च लागतो. टॅक्सीचालकाला बॅज मिळतो तो आरटीओ आणि पोलीस यांच्या तपासणीतून. ती तपासणी कागदोपत्री उरकली जाते ही तक्रार जुनी आहे, पण चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे तरी ठाऊक असतं.

आता पैशांकडे येऊ. पहिली काही वर्षं ॲपचं भाडं टॅक्सीपेक्षा, कधी कधी रिक्षापेक्षाही कमी होतं. ते स्वस्त होतं कारण फरक गुंतवणूकदार भरत होते. प्रवाशाला सवलत आणि चालकाला इन्सेंटिव्ह, दोन्ही एकाच तिजोरीतून जात होतं. दिवसाला ठरावीक ट्रिपा पूर्ण केल्या की जादा रक्कम, हे गणित पाहून हजारो तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. सातारा, बीड, उस्मानाबादची मुलं यात होती, नोकरी सोडून आलेली होती, शेत गहाण टाकून आलेली होती. मग सवलती आटल्या. इन्सेंटिव्हच्या अटी कडक होत गेल्या, भाड्याचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कंपनीच्या कमिशनात जाऊ लागला, बँकेचा हप्ता मात्र तोच राहिला. 22 ऑक्टोबर 2018 पासून मुंबईतल्या ओला-उबर चालकांनी दहा दिवसांहून अधिक संप केला. मुख्य मागणी होती, किमान भाडं आणि किलोमीटरचा दर ठरवून द्या. म्हणजे मीटर नसलेल्या गाडीचे चालक मीटरच मागत होते.

मागणी वाढली की भाडं वाढतं, ज्याला सगळे ‘सर्ज’ म्हणतात, त्यामागचा युक्तिवाद असा. भाडं वाढल्यावर घरी निघालेला चालक परत फिरतो, दुसऱ्या भागातल्या गाड्या इकडे वळतात आणि ज्यांना निकड नाही ते थांबतात, त्यामुळे गाडी मिळण्याची शक्यता वाढते. रोजच्या संध्याकाळच्या गर्दीत हे काही प्रमाणात खरं ठरतं. पण जुलैत रुळांवर पाणी भरून लोकल थांबते तेव्हा रस्त्यांवरही पाणी असतं. गाड्या वाढायला जागाच नसते. मग वाढीव भाड्याने गाड्या येत नाहीत, फक्त असलेल्या गाड्या ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याला मिळतात. अडलेल्या माणसाकडून जास्त घेऊ नये हा सार्वजनिक वाहनाचा जुना दंडक आहे आणि ठरलेल्या दराचा मीटर त्यासाठीच जन्माला आला.

त्याहून मोठी शंका वेगळीच आहे. वाढ किती करायची हे कंपनी ठरवते, पण कोणासाठी किती, हे बाहेरच्याला तपासता येत नाही. आयफोन आणि अँड्रॉइडवर एकाच प्रवासाचं भाडं वेगळं दिसतं अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी 2025 मध्ये ओला आणि उबरला नोटिसा पाठवल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. त्याच वर्षी मे महिन्यात, गाडी लवकर मिळावी म्हणून आगाऊ टिप मागण्याच्या प्रकारावरून उबरला नोटीस गेली. आरोप खरे की खोटे हे ठरवायला हिशोब उघडा हवा. टॅक्सीच्या मीटरवर सरकारी सील असतं, त्यात फेरफार केल्याचं तपासता येतं. ॲपच्या हिशोबाला सील नाही.

आणि ज्या आजारावर औषध म्हणून ॲप आलं, तोच आजार आता ॲपला जडला आहे. बुकिंग होतं, चालकाचा फोन येतो, ‘कुठे जायचंय? पैसे कॅश की ऑनलाइन?’ उत्तर मनाजोगं नसलं की राइड कॅन्सल होते, किंवा तो जागचा हलत नाही आणि प्रवाशानेच कॅन्सल करावी म्हणून वाट पाहतो. हे भाडं नाकारणंच आहे, फक्त आता समोरासमोर होत नाही. कारणंही तीच. परतीची रिकामी फेरी, कमी दर, आणि ऑनलाइन पैसे हातात यायला लागणारा उशीर, ज्यात आजच्या सीएनजीची सोय होत नाही. टॅक्सीवाल्याला आपण उर्मट म्हणत होतो. गाडी बदलली, चालक बदलला, तरी वागणं तेच राहिलं, याचा अर्थ दोष माणसाच्या स्वभावात कमी आणि दराच्या रचनेत जास्त आहे.

चालकाच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही व्यवस्थांत जोखीम त्याचीच आहे. फरक असा की टॅक्सीचालकाला युनियन आहे. ए. एल. क्वाड्रोस यांच्यासारखे नेते अनेक दशकं सरकारशी भाडेवाढीवर भांडत आले. ॲपच्या चालकाला कंपनी ‘पार्टनर’ म्हणते, पण दर, कमिशन, रेटिंग, शिक्षा हे सगळं ती एकटी ठरवते. प्रवाशाने रागाच्या भरात एक तारा दिला आणि आयडी ब्लॉक झाला तर त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि समोर बोलायला माणूस सापडत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 ला याच मुद्द्यावर बोट ठेवलं. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, तर मग चालक स्वतंत्र व्यावसायिक कसा? त्याला किमान वेतन आणि पगारी सुट्टीचा हक्क आहे, असा निकाल दिला. भारतात 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आली आणि त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद झाली. ती संहिता अमलात यायला नोव्हेंबर 2025 उजाडला.

जुन्या टॅक्सी व्यवस्थेचे गोडवे गाताना न्यूयॉर्कची गोष्टही सांगायला हवी. तिथे 1937 पासून टॅक्सी परवान्यांची संख्या बांधलेली, अलीकडच्या काळात साधारण साडेतेरा हजार. टंचाईमुळे परवान्याचा भाव चढत 2014 च्या सुमारास दहा लाख डॉलरवर गेला. बाहेरदेशांतून आलेल्या चालकांनी आयुष्यभराचं कर्ज काढून ते घेतले. मग ॲपच्या गाड्यांना संख्येचं बंधन न घालता मोकळं सोडलं गेलं आणि परवान्याचा भाव दोन लाखांच्याही खाली कोसळला. 2018 मध्ये तिथे अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. शेवटी चालकांच्या उपोषणानंतर 2021 मध्ये शहराने कर्जाला हमी देऊन ते 1 लाख 70 हजार डॉलरपर्यंत खाली आणायची योजना मान्य केली. कृत्रिम टंचाई आणि बेबंद मोकळीक, या दोन्ही चुका एकाच शहराने केल्या आणि किंमत चालकांनी मोजली.

रस्त्यांवरच्या गर्दीचा मुद्दा आपल्याकडे फार कमी बोलला जातो. ॲपच्या गाड्या आल्यावर लोक स्वतःची गाडी घेणार नाहीत आणि वाहतूक कमी होईल, असं सुरुवातीला सांगितलं जायचं. सॅन फ्रान्सिस्कोत 2010 ते 2016 या काळाचा अभ्यास झाला. वाहतुकीत खोळंबण्याचा वेळ 62 टक्क्यांनी वाढला होता. या गाड्या नसत्या तर तो 22 टक्क्यांनीच वाढला असता, असं संशोधकांचं गणित निघालं. बस आणि रेल्वेचा प्रवासी गाडीत येऊन बसला की असंच होणार. याच्या उलट चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणारी शेअर टॅक्सी पाहा. चार अनोळखी माणसं, ठरलेलं भाडं, भरली की सुटली. कुठलंही ॲप नसताना मुंबईने ही पद्धत स्वतःच बसवली. वाहतूक नियोजन करणाऱ्यांनी तिच्याकडे अधिक आदराने पाहावं असं मला वाटतं.

ॲप येऊच दिलं नाही तर काय होतं, हे पाहायला गोवा आहे. ओला-उबरला तिथे स्थानिक टॅक्सीचालकांनी पाय रोवू दिला नाही. सरकारच्या पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने ऑगस्ट 2018 मध्ये ‘गोवा माइल्स’ हे ॲप सुरू झालं, त्यालाही तीव्र विरोध झाला. मे 2025 मध्ये ॲप सेवांसाठी नियमांचा मसुदा आला आणि आंदोलनानंतर सरकारने पाऊल मागे घेतलं. गोव्यातल्या चालकाची भीती खोटी नाही. हंगामाचे चार-पाच महिने धंदा, उरलेलं वर्ष त्यावर काढायचं, आणि घरची एकच गाडी. पण मीटरही नको आणि ॲपही नको, या भूमिकेत पर्यटकाबरोबर गोंयकाराचीही लूट होते. पणजीहून काणकोणला आजारी माणसाला न्यायचं तर भाडं आधी ठाऊक असू नये, हे कुठल्याच युक्तिवादाने पटत नाही.

कायद्याने या सगळ्यात शिरायला फार उशीर केला. वर्षानुवर्षं ॲपच्या गाड्या पर्यटक परमिटवर शहरात धावत राहिल्या, म्हणजे टॅक्सीचं काम करत होत्या पण टॅक्सीचे नियम त्यांना नव्हते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा कंपन्यांची व्याख्या आली आणि परवाना बंधनकारक झाला. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्ज मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत, भाड्यातला किमान 80 टक्के हिस्सा चालकाला, दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त काम नाही. महाराष्ट्राने नियम केलेच नाहीत. एका महिला प्रवाशाने, तक्रार ऐकून घेणारी व्यवस्थाच नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. मार्च 2022 मध्ये न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावले, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

अखेर मे 2025 मध्ये राज्याचं धोरण आलं आणि जुलैत चालकांचा पुन्हा संप झाल्यावर सप्टेंबरमध्ये मुंबईत अंतरिम दर जाहीर झाला, किलोमीटरला 22 रुपये 72 पैसे. हा आकडा कुठून आला? टॅक्सीचे 20.66, त्यावर एसीचे दहा टक्के. म्हणजे ॲपच्या भाड्याचा पाया काळ्या-पिवळीच्या मीटरला जोडला गेला. गर्दीच्या वेळी दीडपटीच्या वर जायचं नाही, मंदीच्या वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त खाली यायचं नाही आणि किमान 80 टक्के चालकाला. केंद्राने जुलै 2025 च्या नव्या सूचनांत सर्ज दुपटीपर्यंत मोकळा केला, महाराष्ट्र दीडपटीवर थांबला. या बाबतीत राज्य बरोबर आहे.

दुसरीकडे कमिशनचं प्रारूपही हलतंय. बंगळूरला 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘नम्मा यात्री’ने भाड्यात हिस्सा न घेता रिक्षाचालकांकडून रोजची छोटी ठरावीक रक्कम घेऊन काम करून दाखवलं आणि 2025 मध्ये ओलालाही त्या वाटेने जावं लागलं. अमूल, इफ्को, नाफेड यांसारख्या संस्थांनी मिळून चालकांची सहकारी टॅक्सी उभी केली आणि तिची चाचणी दिल्लीत ‘भारत टॅक्सी’ नावाने झाली. दूध संघ आणि साखर कारखाने ज्या महाराष्ट्रात गावोगावी उभे राहिले, तिथे चालकांचं सहकारी ॲप आधी जन्मायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी आणि प्रवासी यांची गाठ घालायचं काम ॲपने करावं, ते त्याला उत्तम जमतं. भाडं मात्र उघड सूत्राने ठरावं, दर वर्षी आणि वेळेवर, चालक आणि प्रवासी दोघांना ऐकून. दक्षिण मुंबईत, रुग्णालयांच्या दारात, रेल्वे स्थानकांबाहेर हात दाखवून थांबणारी टॅक्सी टिकलीच पाहिजे, कारण केईएमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या, गावाकडून आलेल्या बाईला ॲपचा उपयोग नाही. आणि भाडं नाकारण्याची शिक्षा टॅक्सी आणि ॲप दोन्हींच्या चालकांना सारखीच आणि खरोखर व्हावी.

तोवर प्रवाशाने एवढं करावं. पुढच्या वेळी मुंबईत ॲपवर भाडं दिसलं की किलोमीटर पाहा आणि त्याला 22.72 ने गुणा. दहा किलोमीटरला मूळ भाडं 227 रुपये होतं, दीडपटीने 341. टोल वगळून त्याहून मोठा आकडा दिसला, तर स्क्रीनशॉट काढून आरटीओकडे लेखी तक्रार करा. अंतरिम दर पुढे बदलतील, तेव्हा नवा दर टिपून ठेवा. आणि काळी-पिवळी थांबली, मीटर पाडून न कुरकुरता तुम्हाला पोचवलं, तर मीटरवरचे पूर्ण पैसे द्या, सुट्ट्यांवरून वाद घालू नका.